चार टोकांची काठी

बिलियर्ड किंवा पूल या खेळांच्या काठीवर, मुठीच्या जरा पुढे, गडद लाकडाची लांबट टोके फिकट लाकडात शिरलेली दिसतात. ती निव्वळ नक्षी असते असा बहुतेकांचा समज आहे. कोणी म्हणतो रंगाने काढली असतील, कोणी म्हणतो वरून जडविली असतील. वस्तुतः ती टोके म्हणजे लाकडाच्या पोटात दडलेल्या एका सांध्याची बाहेर उमटलेली कडा होय. सांधा नीट बसला असेल तर टोके सारखी दिसतात. आत कोठे केसभर खोट राहिली असेल तर ती टोकेच चारचौघांत चुगली करतात. इतकी प्रामाणिक नक्षी आम्ही दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर पाहिलेली नाही.

मुळात सांधा हवाच कशाला, असे कोणी विचारील. काठीचा पुढचा भाग हलका, सरळ रेषांचा आणि ताठ असावा लागतो. इंग्लंडात त्यासाठी ॲशचे लाकूड घेतात, अमेरिकेत हार्ड मेपलचे. मागचा भाग मात्र जड हवा, म्हणजे तोल हाताशी राहतो; तेथे आबनूस किंवा शिसव. आता ही दोन लाकडे डोक्याला डोके लावून चिकटविली तर काय होते? लाकूड आडवे कापले की त्याच्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात, ती सरस पिऊन टाकतात, आणि असा जोड थोड्याच दिवसांत हातात येतो. तीच दोन लाकडे लांब उतारावर एकमेकांवर टेकविली, तर रेषेला रेषा भिडते, चिकटण्याची जागा कितीतरी वाढते आणि पुढे दांडा मोडलाच तर सांधा सोडून दुसरीकडे मोडतो. होडीची डोलकाठी लांबवायची झाली तर सुतार हेच करतो. क्रिकेटच्या बॅटीची वेताची मूठ फळीत पाचरीसारखी उतरविलेली असते, तेही हेच. ज्याने बॅट उलटसुलट करून पाहिली आहे, त्याने हा सांधा पाहिलेला आहे. फक्त नाव विचारलेले नाही.

इंग्रजी कारागिराची रीत निराळी आणि अमेरिकन कारागिराची निराळी. इंग्रजी कारागीर ॲशच्या दांड्याच्या बुडाकडे रंध्याने लांब, उतरता, सपाट काप घेतो आणि त्यावर आबनूसाची फळी चिकटवितो. मग समोरच्या बाजूला तसेच, मग उरलेल्या दोन बाजूंना. चारही फळ्या बसल्या म्हणजे ते चौकोनी बुड रंध्याने हळूहळू गोल करीत आणायचे. फळी काढावी तशी काळ्या लाकडातून पांढऱ्या लाकडाची सुबक कमान वर येत जाते. ही कमान कोणी आखलेली नसते. गोल दांड्याला तिरका सपाट छेद दिला की लंबवर्तुळ उमटते, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर खडूने काढून दाखविले आणि मुलांनी तीस वर्षे जांभया देत ते उतरवून घेतले. काकडी तिरकी चिरणाऱ्या गृहिणीला हाच सिद्धांत रोज ताटात दिसतो.

अमेरिकन काठीवर कमानीऐवजी अणकुचीदार टोक दिसते, कारण तेथे एका सपाट कापाऐवजी काटकोनात मिळणारे दोन काप असतात. फिकट दांड्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोकाकडे उथळ होत जाणारी खाच पाडायची आणि तीत गडद लाकडाची चौरस पट्टी एका कोपऱ्यावर उभी करून बसवायची. दांडा गोल केला की दोन लंबवर्तुळांच्या कडा एका बिंदूत मिळतात, तेच टोक. खाच नव्वद अंशांचीच का? चौरस पट्टीचा कोपरा गुण्या लावून क्षणात तपासता येतो म्हणून. साठ अंशांची पट्टी तपासायची तर निराळे साधन करावे लागेल. जुन्या कारागिरांचे पुष्कळसे शहाणपण असे आळसाच्या वेषात वावरत असते.

याहून अवघड प्रकार म्हणजे पूर्ण गुंफणीचा. त्यात मागच्या जड लाकडालाच चार लांब बोटे कोरतात, पुढच्या लाकडात त्यांना जागा करतात आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावी तशी ती दोन लाकडे एकमेकांत सारतात. आमच्या मते खरा सांधा हाच. खाचेत पट्ट्या बसविण्याच्या प्रकारात जोराचा काही भार दुसऱ्याच जोडावर पडतो, कारण मूठ पुढच्या दांड्याला वेगळी जोडावी लागते. परंतु गुंफणीत आतल्या पोकळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि चूक कळते ती फार उशिरा. घरगुती हत्यारांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

या विद्येत ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते तो जॉर्ज बालाबुश्का हा मुळात काठ्या करणारा नव्हे. 1912 साली रशियात जन्मलेला हा मुलगा 1924 मध्ये अमेरिकेत आला आणि लाकडाच्या कामात वाढला. 1959 साली त्याने काठ्या करावयास घेतल्या आणि 1975 मध्ये तो वारला. म्हणजे सारी कीर्ती सोळा वर्षांची. गंमत अशी की, आरंभीच्या काठ्यांचे सांधे त्याने स्वतः घातलेलेच नव्हते. ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या तयार काठ्या घेऊन, त्या कापून, त्यांतून तो आपल्या दोन भागांच्या काठ्या घडवी. पुढे बर्टन स्पेन व गस झांबोटी या कारागिरांनी सांधलेले दांडे त्याने वापरले. म्हणून त्याचे मोठेपण उणे होत नाही. दुसऱ्याच्या सांध्याची पारख करणे, तो सरळ राखणे आणि त्याचा तोल साधणे ही स्वतंत्र कला आहे. 1986 च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात बालाबुश्का म्हणून जी काठी मिरविली गेली, ती तर त्याची नव्हतीच. जॉस नावाच्या निराळ्या कारखान्याची होती. लोकांनी मात्र ती पाहूनच त्याचे नाव पाठ केले.

आता बेळगावच्या एका निवृत्त भूमितीमास्तराला या अमेरिकन उठाठेवीचे काय, असे वाचक म्हणतील. या खेळांचे आमच्या देशाशी नाते समजतात तेवढे दूरचे नाही. स्नूकर हा खेळ 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले; वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय. छावणीच्या गावांत बिलियर्डचे टेबल ही वस्तू आमच्या लहानपणी खिडकीतून पाहायची असे. आता आमचा भाचा पुण्याहून पूल खेळण्याचा नाद घेऊन आला आहे आणि त्याला चार टोकांची काठी हवी आहे. विकत घेता आली असती. परंतु आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेस्त्री राहतात, आणि खरे सांगायचे तर काठी हे निमित्त होते.

हे मेस्त्री मूळचे फोंड्याकडचे. घरी कोकणी, बाजारात मराठी, कामावर कानडी, असा त्यांचा व्यवहार. बेळगावच्या ओतकाम कारखान्यांसाठी लाकडी नमुने करण्यात त्यांचा जन्म गेला. वाळूत जो आकार उमटवून त्यात लोखंड ओततात, तो आकार आधी लाकडात घडवावा लागतो. ओतलेले बीड निवताना आक्रसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी या लोकांची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंचाने लांब. आयुष्यभर अशा जाणूनबुजून खोट्या पट्टीने खरे काम केलेला हा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी ती पट्टी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, ह्या कामाला ही नको. लाकूड काही वितळत नाही."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मोठी कामे होतात, परंतु पटाशीने रेघेवर जाऊन थांबणे होत नाही. कारखान्यांनी कामे देणे केव्हाच थांबविले होते. हात थरथरू लागल्यावर शेजाऱ्यांनीही थांबविले. त्यांचा मुलगा उद्यमबागेत संगणकावर चालणारे मशीन चालवितो, चांगला कमावतो. मागची शेड मोडून तेथे भाड्याला खोली काढावी, असे त्याचे म्हणणे. शेडमध्ये भिंतभर टांगलेले फर्मे आहेत: वाकड्या पट्ट्या, तिरके ठोकळे, भोके पाडलेल्या चकत्या. त्यांतला कोणता कशाचा हे मेस्त्रींखेरीज कोणाला ठाऊक नाही. ते गेले म्हणजे ही सारी भिंत बंबात जाणार, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे.

काठीसाठी करायचा तो फर्माच होता. मेस्त्रींनी साडेतीन फूट लांबीची, वरून उघडी, जाड प्लायवूडची पेटी केली. तिच्या दोन्ही अंगांच्या कडा रंध्याने अशा सपाट केल्या की त्यावर राऊटरची गाडी डगमगल्याशिवाय सरकावी. पेटीच्या आत दोन सेंटर. त्यांच्या टोकांवर दांडा धरायचा. एक सेंटर पक्के, दुसरे वरखाली होणारे. ते वर उचलले की दांडा तिरका होतो आणि सरळ धावणाऱ्या राऊटरखाली खाच आपोआप उतरती पडते. पक्क्या सेंटरशी चार खाचांची चकती आणि तीत अडकणारी पितळी पिन. एक खाच पडली की पिन काढायची, दांडा पाव फेरा फिरवायचा, पिन पुन्हा अडकवायची. यात हाताने ठरवायचे असे काही उरत नाही. ठरवायचे ते आधीच, थंड डोक्याने, कागदावर ठरलेले असते.

हिशेब आमच्याकडे होता. टोके सुमारे 300 मिलिमीटर लांब हवीत आणि मुठीपाशी खाच 13 मिलिमीटर खोल. म्हणजे दर 23 मिलिमीटर लांबीला खोली 1 मिलिमीटरने वाढते. याचाच उलट अर्थ असा की, खोलीत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर टोक सव्वादोन मिलिमीटरहून अधिक लांब किंवा आखूड होते. उतार जितका सौम्य, तितकी चूक मोठी होऊन बाहेर येते. आमच्या पेशात असा विद्यार्थी असता तर आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. येथे तोच आमचा परीक्षक होता.

रद्दी सागवानावर पहिली चाचणी घेतली. चारही टोके सुरेख आली, पण एक लांब आणि त्याच्या बरोबर समोरचे आखूड. दोहोंत साडेचार मिलिमीटरांचा फरक. उरलेली दोन सारखी. मेस्त्रींनी दांडा हातात फिरविला आणि हिशेब न करता सांगितले, "लाकडाचा मध्य हलला." तेच खरे होते. चारही टोके सारखीच लांब झाली असती तर खाच खोल गेली म्हणावे. चारही एकाच बाजूला झुकली असती तर राऊटरची अणी अक्षाच्या बरोबर वर नाही असे समजावे. परंतु समोरासमोरची दोन वैरी झाली, की फर्म्यावरचा मध्य आणि लेथवरचा मध्य एक नाही. मऊ लाकडातले सेंटरचे भोक चढउतार करताना सैल झाले होते. मेस्त्रींनी उपाय केला तोही त्यांच्या धंद्यातलाच: मेपलच्या दांड्याच्या दोन्ही तोंडांत कठीण लाकडाच्या गुल्ल्या बसविल्या आणि भोके त्यांत पाडली. काम संपेपर्यंत त्या भोकांना कोणी हात लावायचा नाही. शेवटी गुल्ल्यांसह तेवढे लाकूड कापून टाकायचे.

"लांकूड फटयना, हात फटयता," असे ते कोकणीत म्हणाले. लाकूड फसवीत नाही, हात फसवितो. आपल्या हाताकडे न पाहता म्हणाले.

मेपल आम्ही बाहेरून मागविले होते. टोकांसाठी शिसव पाहिजे होती. आज ती बाजारात पूर्वीसारखी मिळत नाही. 2017 पासून तर शिसवीच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मेस्त्रींच्या शेडमध्ये हातभर लांबीचे दोन झकास तुकडे होते. एका देवळाची पालखी त्यांनी दुरुस्त केली होती, तिच्यातले उरलेले. आम्ही त्यांच्याकडे पाहिले मात्र, मेस्त्रींनी ते कापडात गुंडाळले. "ते देवाचे. खेळात नाही घालायचे." यावर वाद घालण्याची आमची इच्छा झाली नाही. शेवटी कोणाच्या तरी मोडक्या पलंगाचा शिसवी खूर मिळाला, शंभर वर्षे मुरलेला. तो चिरताच आतून जांभळट तपकिरी रंग आणि तो किंचित गोड वास आला. पलंगापासून पूलच्या टेबलापर्यंतचा प्रवास, म्हणजे लाकडाच्या दृष्टीने विश्रांतीतून विश्रांतीतच.

खाचा एका दमात पाडता येत नाहीत. मेपल कठीण खरे, पण लोभ धरला की त्याची कपची उडते, आणि नेमकी टोकापाशी, जेथे लपवायला जागा नाही. दर फेरीस दीड मिलिमीटर, शेवटची फेरी कागदाइतकी पातळ, असे आम्ही केले. नंतर पट्ट्या चिकटविणे. पूर्वी सरस तापवून लावीत. आता बाटलीतला डिंक मिळतो आणि तो चांगला असतो. पट्ट्या खाचेत बसवून सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब फीत त्यावर करकचून गुंडाळायची, जाड बाजूकडून टोकाकडे, म्हणजे जास्तीचा डिंक पुढे सरकत बाहेर येतो. मेस्त्रींच्या हाताला येथे पुरता वाव होता. करकचून आवळायला कंप आड येत नाही. ती फीत गुंडाळताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आम्ही मात्र दुसरीकडे पाहत राहिलो.

यानंतर घाई करणाऱ्याचे काम नाही. चौकोनी-गोल झालेला दांडा लेथवर थोडा उतरवायचा आणि उभा टांगून ठेवायचा. आतला ताण सुटतो, दांडा जरासा वाकतो. पुढच्या खेपेस वाकलेपण काढून पुन्हा थोडा उतरवायचा. असे चार-पाच वेळा, मध्ये काही आठवड्यांची विश्रांती. बेळगावच्या पावसात लाकूड ओल पिते, तेव्हा श्रावणात लेथ फिरवूच नये असे आमचे ठाम मत आहे. भाच्याने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारणे सोडून दिले. तयार काठी पेटीत घालून देणाऱ्या दुकानदारांचा धंदा अशाच अधीरतेवर चालत असावा.

चौथ्या उतारणीला टोके अणीवर आली. त्या रविवारी मुलगा घरी होता. तो शेडमध्ये आला, दांडा पाहिला आणि म्हणाला, "हे आमच्या मशीनवर तासाभरात होईल." होईल, यात शंका नाही. आज पुष्कळ ठिकाणी टोकांच्या आकाराचे खड्डे संगणकाच्या हुकमाने कोरतात आणि त्यांत तसाच कापलेला तुकडा बसवितात. परंतु फिरणारे पाते गोल असते. खड्ड्याच्या कोपऱ्यात त्याच्या गोलाईएवढा गोल राहतोच, आणि अणी हवी तर ती हातानेच काढावी लागते. खाचेतून आलेल्या टोकाला पाते कधी कोपऱ्यात वळवावेच लागत नाही. टोक जेथे संपते तेथे लाकूडच संपलेले असते. हे आम्ही त्याला सांगणार होतो, पण मेस्त्रींनी डोळ्यांनी थांबविले.

मुलाने खिशातून आपले अंकी कॅलिपर काढले. त्याने चारही टोकांची लांबी पुन्हा पुन्हा मोजली. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांत 0.6 मिलिमीटर. त्याने आकडा दोनदा वाचला. मग लांबीच्या त्या फरकावरून खोलीत किती फरक पडला असेल याचा हिशेब त्याने मनात केला असावा, कारण तो फर्म्याकडे वळला, पिन काढली, चकती फिरविली, पिन पुन्हा बसवली. "ही चकती कशावर काढली?" त्याने विचारले. मेस्त्री म्हणाले, "गुण्यावर." "नुसत्या?" "मग काय, तुझ्या मशीनवर?"

नंतर बापलेक त्या गुल्ल्यांवर बराच वेळ बोलत होते, कोकणीत, भराभर. आमच्या कानाला निम्मेच कळले. निघताना मुलाने भिंतीवरचा एक तिरका ठोकळा काढला आणि हा कशाचा म्हणून विचारले. मेस्त्रींनी सांगितले: कुठल्याशा पंपाच्या पात्यांचा कोन. दुसरा विचारला. तोही सांगितला. तिसऱ्या ठोकळ्यावर त्यांनी आमच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि थरथरत्या अक्षरांत लाकडावरच नाव लिहिले.

शेड अजून उभी आहे, एवढेच आम्ही सांगू शकतो. खोलीचा विचार मागे पडला की लांबणीवर, हे आम्ही विचारलेले नाही. भाच्याची काठी मूठ व कडी लागून तयार झाली, वजन साडेएकोणीस औंस भरले. काठी सरळ आहे. भाचा तितका सरळ मारत नाही, हा निराळा प्रश्न. फर्म्यावर पाडलेला दुसरा एक दांडा शेडच्या आढ्याला टांगलेला आहे, दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि जाडी. त्याची तिसरी उतारणी दिवाळीनंतर करावयाची आहे.